पाणी मुरतंय कुठं?

विज्ञानकथेत शोभेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. लांबच्या कुठल्याशा ग्रहाचा एक चंद्र. खडक अब्जावधी वर्षं जुना, थंड, निपचित पडलेला. माणसांची एक तुकडी तिथं वस्ती करते आणि एका लांबोडक्या दरीत पाणी साठवायला लागते. थोड्याच दिवसांत जमीन थरथरू लागते. थरथर एका लहानशा पट्ट्यापुरतीच. पट्ट्याबाहेर पाच-दहा कोस गेलं की सगळं शांत. साठा वाढला की ती वाढते, कधी साठा ओसरतानाही वाढते, आणि साठ वर्षं झाली तरी थांबायचं नाव घेत नाही. कथालेखक असेल तर इथं खडकाच्या पोटात निजलेला एखादा अजस्र जीव जागा करील आणि मोकळा होईल.

आपल्याला ती सोय नाही, कारण ही गोष्ट कराड-चिपळूण रस्त्यावरची आहे. पाटण मागं टाकून एसटी कुंभार्ली घाटाकडं निघाली की वाटेत कोयनानगरचा फाटा लागतो. तिथून दक्षिणेकडचे डोंगर ओलांडले की सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यातलं चांदोली, म्हणजे वारणेचं धरण. या दोन धरणांच्या आसपासचा साधारण 30 किलोमीटर लांब आणि 20 किलोमीटर रुंद असा तुकडा साठ वर्षांहून अधिक काळ हलतो आहे. पाच किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के, चारच्या वरचे दोनशेहून अधिक, आणि लहानसहान तर हजारोंनी. धरणाच्या पाण्याशी जोडलेले भूकंप जगात इतरत्रही झाले, पण इतक्या लहान जागेत इतकी वर्षं टिकून राहिलेलं दुसरं उदाहरण नाही.

हे नेमकं होतं कसं, ते एकेक पायरी उतरत पाहू. पायऱ्या शेवटी तीन किलोमीटर खोल जातात.

दगडावर भरवसा होता तेव्हा

1950च्या दशकात कोयनेचं धरण बांधायला घेतलं, तेव्हा दख्खनच्या पठाराबद्दल भूवैज्ञानिकांना फारशी काळजी नव्हती. भूकंप हिमालयाकडं, आसामकडं होतात. द्वीपकल्प म्हणजे जुनी, घट्ट बसलेली ढाल, असंच पुस्तकांत लिहिलेलं असे. कोयनेची भिंत 103 मीटर उंच आणि 800 मीटरांहून थोडी अधिक लांब उभी राहिली. 1962च्या सुमारास भिंतीमागचा शिवसागर तलाव भरू लागला आणि आसपासच्या गावांना जमिनीखालून गुडगुड ऐकू यायला लागली. भांडी वाजायची, दारं हलायची. पुढच्याच वर्षी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रानं या भागात भूकंपमापक यंत्रं बसवली. धक्क्यांची ठिकाणं काढली तर ती तलावाच्या आणि धरणाच्या जवळपास येऊ लागली.

11 डिसेंबर 1967ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी मोठा धक्का बसला. तीव्रता 6.3. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, दीड हजारांवर जखमी झाली, कोयनानगरातल्या बहुतेक घरांची हानी झाली. वीजघर बंद पडलं आणि मुंबईतले कारखाने अडले. धरण फुटलं नाही, पण भिंतीच्या वरच्या भागात, जिथं तिचा उतार बदलतो तिथं, आडव्या भेगा पडल्या. पुढं मागून काँक्रीटचा आधार देऊन ती भिंत बळकट केली. त्या पहाटे धरणातल्या यंत्रानं टिपलेली हालचालीची रेघ आजही जगभरचे अभियंते वापरतात. नव्या धरणाचं गणित तपासायचं असेल तर कोयनेचा तो धक्का संगणकावर त्या भिंतीला पुन्हा द्यायचा, अशी रीतच पडली आहे.

धरणाच्या पाण्यामुळं भूकंप होतात, ही शंका कोयनेच्या आधीही होती. अमेरिकेत हूवर धरणामागचा मीड तलाव 1935पासून भरू लागला आणि लगोलग तिथं धक्के जाणवले. 1960च्या दशकात चीनमधलं शिनफेंगजियांग, आफ्रिकेतलं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता या धरणांजवळ सहाच्या वरचे भूकंप झाले. कोयना या यादीत शेवटी आली आणि पहिल्या नंबरावर बसली. पाण्याशी जोडलेला याहून मोठा भूकंप आजवर सर्वमान्य झालेला नाही.

आकडा एक, वाचणारे तीन

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्या-सांगलीत पेपर उघडला की एक चौकट ठरलेली असते. कोयना, नवजा आणि महाबळेश्वर इथला चोवीस तासांचा पाऊस, आणि खाली धरणाचा साठा टीएमसीत. पूर्ण भरलं की 105 टीएमसीच्या आसपास. पोफळीच्या वीजघरांसाठी तो आकडा म्हणजे वर्षभराची वीज. सांगलीकरांसाठी धास्ती, कारण धरणाचे सहा वक्र दरवाजे उचलले की ते पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढं आयर्विन पुलाच्या खांबांवर चढत जातं. वारणेचं पाणी सांगलीजवळ हरिपूरला त्यात भर घालतं.

तिसरा वाचक भूकंपशास्त्रज्ञ. तो त्याच आकड्यात वजन वाचतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. एका घनमीटर पाण्याचं वजन एक टन. म्हणजे भरलेला शिवसागर जवळपास 300 कोटी टनांचा. आणि हे ओझं कायमचं बसून राहत नाही. जूनपासून चढतं, सप्टेंबरपर्यंत टिकतं, मग वीज आणि सिंचनासाठी पुन्हा उतरतं. जमिनीच्या छातीवर दर वर्षी कोणीतरी एक डोंगर ठेवतो आणि उचलतो, असा प्रकार.

ऐकून वाटतं, सुटलं कोडं. एवढं वजन टाकल्यावर जमीन कुरकुरणारच. पण थोडं गणित करून पाहा. भिंतीजवळ पाणी 80 मीटर खोल धरलं तर तळावर त्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या आठपट. भूकंप होतात तो खडक मात्र बहुतेक वेळा दोन ते नऊ किलोमीटर खोल असतो. पाच किलोमीटरवरच्या खडकावर त्याच्याच वरच्या दगडाचा भार वातावरणाच्या सुमारे तेराशे पट. तेराशेवर आठ म्हणजे टक्काभरसुद्धा नाही. ज्या हमालाच्या पाठीवर शंभर किलोचं पोतं आहे, त्याच्या खिशात अर्धा किलोचा पुडा टाकल्यासारखं.

मग त्या पुड्यानं हमाल कोसळला कसा? तर तो आधीच कोसळायच्या बेतात होता म्हणून. खडकात ताण फार आधीपासून साठलेला होता. बंदूक भरलेली होती आणि पाण्यानं फक्त चाप ओढला. धरणानं भूकंप निर्माण केला असं म्हणण्यापेक्षा, येणाऱ्या भूकंपाची वेळ ठरवली असं म्हणणं शास्त्राच्या जवळ जातं. पण अर्ध्या किलोच्या पुड्यात चाप ओढायची ताकद आली कुठून, हे अजून सांगायचं राहिलं.

ओल्या ओट्यावरचा पेला

यासाठी स्वयंपाकघरात चला. ग्रॅनाइटचा ओटा, तोही किंचित उताराचा, नुकताच पुसलेला आणि ओला. स्टीलचा पेला कढत पाण्यानं विसळून त्यावर पटकन उलटा ठेवा. क्षणभर तो गप्प बसतो आणि मग कोणी हात न लावता सरकायला लागतो. लहानपणी हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पेल्याचं वजन तेच आहे, ओट्याचा उतारही तोच. बदललंय ते आतल्या हवेचं. गरम होऊन ती फुगते, पेल्याला आतून वर ढकलते, आणि पेल्याच्या वजनाचा काही भाग ओट्याऐवजी ती हवाच पेलते. काठ ओट्यावर जितका घट्ट टेकला होता तितका आता टेकत नाही. घर्षण कमी पडतं आणि जो उतार आधी पुरेसा नव्हता तोच पुरेसा होतो.

कोयनेच्या पोटात हेच घडतं, फक्त हवेच्या जागी पाणी आणि ओट्याच्या जागी खराखुरा ग्रॅनाइट. जमिनीखालचा खडक अखंड नसतो. त्याला जुने तडे असतात, आणि तड्याच्या दोन्ही बाजू सरकलेल्या असल्या की त्याला प्रस्तरभंग म्हणतात. कोयनेत असा एक मोठा भंग दोनाचीवाडा गावाच्या नावानं ओळखला जातो. 1967च्या धक्क्यात त्याच्या बाजूनं जमिनीवर भेगा उघडल्या होत्या. हा भंग जवळपास उभा, उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य असा जातो, आणि त्याच्या दोन्ही कडा एकमेकींना घासत आडव्या सरकू पाहतात.

सरकू पाहतात, पण सरकत नाहीत, कारण आजूबाजूचा दगड त्यांना घट्ट दाबून धरतो. तड्यांतल्या बारीक फटींत पाणी असतं. त्या पाण्याचा दाब वाढला की ते दोन्ही कडांना किंचित दूर लोटतं, पेल्यातल्या हवेसारखं. पकड ढिली होते. आणि ज्या तड्यात कडा आधीच निसटायच्या बेतात आहेत, तिथं पाच-दहा वातावरणांचा फरकसुद्धा पुरतो.

हे नुसतं कागदावरचं अनुमान नाही. 1960च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्करी कारखान्याचं सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबानं ढकललं जात होतं, आणि त्या भागात भूकंप सुरू झाले. पाणी ढकलणं वाढवलं की धक्के वाढायचे, थांबवलं की कमी व्हायचे. तिथं तलाव नव्हता, ओझंही नव्हतं. होता तो फक्त फटींतल्या पाण्याचा दाब.

मुरायला लागणारा वेळ

आपल्याकडं काही संशयास्पद दिसलं की माणसं म्हणतात, कुठंतरी पाणी मुरतंय. कोयनेत ते अक्षरशः खरं आहे, फक्त मुरण्याचा अर्थ नीट लावायला हवा. यंदा नवज्याला पडलेला थेंब दिवाळीपर्यंत पाच किलोमीटर खाली पोचतो, असा तो अर्थ नाही. फटी आधीच पाण्यानं भरलेल्या असतात. खाली जातो तो दाब. परसात भरलेली लांब नळी पडलेली असते; नळ सोडला की दुसऱ्या टोकानं लगेच पाणी येतं, पण ते नळातून आत्ता निघालेलं नसतं, नळीत आधीच असलेलं असतं. खडकातल्या फटी नळीपेक्षा कितीतरी अरुंद आणि वाकड्यातिकड्या, म्हणून तिथं हा निरोप पोचायला आठवडे, महिने, कधी त्याहून अधिक लागतात.

त्यामुळं तलाव जमिनीशी दोन वेगवेगळ्या चालींनी बोलतो. पहिली चाल तत्काळ. पाण्याचं ओझं वाढलं की खालचा खडक दबतो, त्याच्या फटी आवळल्या जातात आणि त्यातल्या पाण्याचा दाब लगेच वाढतो; ओला स्पंज मुठीत धरावा तसा. दुसरी चाल संथ, मुरत जाणारी. कोयनेच्या नोंदींत या दोन्हींच्या खुणा दिसतात. पावसाळ्यात पातळी भराभर चढली की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धक्के वाढतात. नंतर डिसेंबरच्या सुमारास आणि हिवाळ्याच्या शेवटी, पातळी उतरत असताना, पुन्हा एक लाट येते. उतरताना का? वरचं ओझं हलकं होतं तेव्हा तडे दाबून धरणारा हातही थोडा सैल होतो, पण खोलवर मुरलेला दाब तसाच असतो. 1967चा मोठा धक्का डिसेंबरमध्येच बसला होता.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब अनेक वर्षं लावला. त्यातून चार गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या: पाणी किती झपाट्यानं चढलं, किती उंचीपर्यंत गेलं, त्या उंचीवर किती दिवस थांबलं, आणि आधी कधी चढलं होतं त्याच्या वर गेलं का. यातली शेवटची गोष्ट सर्वांत चमत्कारिक. खडकाला जणू जुनी पातळी आठवते. जितका दाब एकदा सोसला, तितक्यापर्यंत तो पुन्हा फारशी कुरकुर करत नाही. त्यापुढं एक पाऊल टाकलं की कुरकुर सुरू.

वारणेनं याला जोड दिली. चांदोलीचं धरण 1985च्या सुमारास भरू लागलं, आणि 1990च्या दशकात धक्क्यांचं केंद्र कोयनेकडून दक्षिणेला वारणेकडं सरकलं. डिसेंबर 1993 आणि फेब्रुवारी 1994 मध्ये तिथं पाचच्या वरचे धक्के बसले. कोयनेच्या बाजूला खडक मुख्यतः आडवा घासतो. वारणेच्या बाजूला तो ताणला जाऊन एक बाजू खाली बसते. 25-30 किलोमीटरांत स्वभाव बदललेला.

गुडगुड कुठून आली, हे कसं कळतं

वीज चमकते आणि गडगडाट नंतर येतो. मधले सेकंद मोजून वीज किती लांब पडली ते शेतातला माणूसही सांगतो. भूकंपाचंही तसंच. एकाच क्षणी दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली खडकाला पुढं-मागं दाबत जाते, सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास. दुसरी खडकाला आडवं हलवत जाते, साडेतीनच्या आसपास. दोन्हींच्या येण्यातलं अंतर सेकंदांत मोजायचं आणि आठानं गुणायचं. धक्का किती किलोमीटरवर झाला ते अंदाजे हातात येतं. तीन सेकंदांचं अंतर असेल तर चोवीसेक किलोमीटर. एका ठिकाणावरून फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही. तीन-चार ठिकाणांची वर्तुळं काढली की ती जिथं एकमेकांना छेदतात तिथं धक्क्याचं ठिकाण.

पाटण तालुक्यातली माणसं धक्क्याआधी सुरुंगासारखा आवाज आल्याचं सांगतात. तो भास नव्हे. धक्का उथळ आणि जवळ असला की पहिली लहर जमिनीला इतक्या वेगानं थरथरवते की ती थरथर हवेत उतरून कानाला ऐकू येते. अंग हलतं ते दुसऱ्या लहरीनं, क्षणभर नंतर.

आणखी एक समजूत इथंच निस्तरून घेऊ. लहान धक्के होत राहिले तर जोर निघून जातो, मोठा धक्का टळतो, असं चहाच्या टपरीवर ठामपणे सांगितलं जातं. भूकंपाचं माप मात्र सरळ चढत नाही. तीव्रता एकानं वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते. 3.3चा धक्का भांडी वाजवतो. 6.3च्या धक्क्याइतकी ऊर्जा मोकळी करायला तसे तीस हजारांहून अधिक धक्के लागतील. लहान धक्के म्हणजे कर्जाचं व्याज. मुद्दल तसंच राहतं.

खऱ्या चंद्रावरची भरती

सुरुवातीचा चंद्र कल्पनेतला होता. खऱ्या चंद्राकडं वळलं तर कोयनेचं एक भावंड तिथंही भेटतं. 1969 ते 1972 दरम्यान अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर भूकंपमापकं ठेवली आणि ती सप्टेंबर 1977पर्यंत पृथ्वीवर नोंदी पाठवत राहिली. चंद्राच्या पोटात, सातशे ते हजार किलोमीटर आणि त्याहूनही खोल, हजारो बारीक चंद्रकंप सापडले. ते ठराविक जागांतूनच येत, आणि साधारण 27 दिवसांच्या चक्रात पुन्हा पुन्हा येत. 27 दिवस म्हणजे चंद्राची पृथ्वीभोवतीची एक फेरी. या फेरीत पृथ्वी कधी जवळ, कधी लांब, आणि तिच्या ओढीनं चंद्राचा खडक भरती-ओहोटीसारखा ताणला जातो आणि सैल होतो. ताण अगदी थोडा. तरी त्याच जागा, त्याच लयीत, चाप ओढला गेल्यासारख्या वाजतात.

चंद्रावर ती भरती महिन्यातून एकदा येते, कोयनेत वर्षातून एकदा, नैऋत्य मोसमी पावसाबरोबर. दोन्हीकडं बाहेरून येणारा धक्का क्षुल्लक आणि लयीत. उत्तर देणारा खडक आधीच काठावर. चंद्रावरचं कोडं एका अंगानं अधिक अवघड आहे. इतक्या खोल, इतक्या दाबाखाली दगड कुरकुरत वाकायला हवा, तुटायला नको. तो का तुटतो, यावर अजून वाद आहे. 23 ऑगस्ट 2023ला चांद्रयान-3 उतरलं, तेव्हा त्याच्या विक्रम लँडरवरही असंच कंपनं टिपणारं एक उपकरण होतं आणि त्यानं चंद्राच्या दक्षिण भागातल्या थरथरीची नोंद घेतली.

चंद्रावर खोदता येत नाही. साताऱ्यात येतं.

गोठण्याचं बोअर

आपल्याकडं शेतकरी बोअर मारतो तेव्हा पाचशे-सहाशे फुटांवर पाणी लागलं नाही की घरात चिंता पसरते. बाहेर पडणारा चुरा मुठीत घेऊन काळा दगड लागला, मुरूम लागला, असा अंदाज घेतला जातो. केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानं कोयनेत तेच काम मोठ्या प्रमाणावर घेतलं. आधी या भागात ठिकठिकाणी दीड किलोमीटरच्या आसपास खोल भोकं पाडली. पहिलं रासाटीला, 1522 मीटरचं. मग पाटण तालुक्यातल्या गोठणे इथं 2017मध्ये तीन किलोमीटरचं बोअर पूर्ण झालं, म्हणजे सुमारे दहा हजार फूट. या सगळ्या कामाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे.

वरून खाली जाताना काय लागतं? आधी सह्याद्रीचा आपला ओळखीचा काळा कातळ, बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला; किल्ल्यांच्या तटासारखे पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर त्याचेच. रासाटीत तो किलोमीटरला थोडा कमी भरला, गोठण्यात सुमारे सव्वा किलोमीटर. आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट, अडीच ते पावणेतीन अब्ज वर्षं जुना. मध्ये गाळाचा थरच नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा तो उघड्या ग्रॅनाइटवरच पसरला. भूकंप होतात ते या ग्रॅनाइटमध्ये. काळा कातळ फक्त वरचं पांघरूण.

खडकातला ताण मोजायचा कसा, हे ऐकण्यासारखं आहे. यंत्रानं पाडलेलं भोक गोल असतं. पण आजूबाजूचा खडक एका दिशेनं जास्त दाबला जात असेल तर भोकाच्या भिंतीचे टवके दुसऱ्या दिशेला उडतात आणि गोल हळूहळू लंबगोल होतो. लंबगोलाचा लांब अक्ष ज्या बाजूला, त्या बाजूचा दाब सर्वांत कमी. मापक खाली सोडून भोकाचा आकार टिपला की दाबाची दिशा हातात येते. किती दाब, हे कळायला भोकाचा एक तुकडा वरखाली बंद करून त्यात पाणी दाबायचं आणि खडक कोणत्या दाबाला तडकतो ते पाहायचं.

यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, इथला खडक खरोखरच काठावर उभा आहे. त्याला धक्का द्यायला ताणातला लहानसा बदलही पुरतो. हमालाचं उदाहरण कागदावरचं होतं, आता ते भोकातून मोजून आलं. दोन, तीन किलोमीटर खोलपर्यंत पाणी आहे, आणि ते पावसाचं पाणी आहे. कधीतरी सह्याद्रीवर पडलेला पाऊस तड्यांतून फिरत फिरत तिथं पोचला आहे. म्हणी उगाच होत नाहीत.

उरलेलं कोडं

आता हिशेब लावू. पाणी आणि धक्के यांचा संबंध कळला. टक्काभरही नसलेलं ओझं का पुरतं, तेही कळलं. पण त्यामुळं कोडं संपलं नाही, सरकलं. खडक काठावर कोणी आणून ठेवला? भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडं सरकत आशियाला रेटतो आहे, आणि त्याचा दाब द्वीपकल्पाच्या पोटातही पोचतो. पण तो दाब सगळ्या पठाराला सारखाच. मग सह्याद्रीत इतकी धरणं असताना हाच तुकडा का? भातसा धरणाजवळ 1983मध्ये धक्के बसले आणि पुढं ओसरले. बहुतेक धरणांत काही वर्षांनी जमीन नव्या पाण्याला सरावते. कोयना-वारणा साठ वर्षांत का सरावली नाही? आणि या तुकड्याच्या बाहेर पन्नास किलोमीटरांत दुसरं कुठलं धक्क्यांचं ठिकाण नाही, ते का?

एका अर्थानं याच गोष्टींनी कोयनेला जगातली दुर्मीळ प्रयोगशाळा बनवलं. जागा लहान, धक्के उथळ, वेळ अंदाजात, शेजारचा गोंगाट नाही. जपानचे किंवा कॅलिफोर्नियाचे भूकंप शेकडो किलोमीटर लांब भंगांवर होतात. यंत्र ठेवायचं कुठं हा प्रश्न. इथं ते कळतं. म्हणूनच पुढचं उद्दिष्ट सहा किलोमीटर खोल जायचं आहे, भंगाच्या शेजारी, जिथं पेला सरकतो तिथं. तड्यातल्या पाण्याचा दाब, उष्णता, खडकाची अगदी बारीक हालचाल हे सगळं धक्क्याच्या आधी, धक्क्याच्या वेळी आणि नंतर तिथंच मोजायचं. आजवर भूकंपांची बहुतेक नोंद झाली ती वरून आणि लांबून.

तोपर्यंत पाटण आणि शिराळ्यातल्या माणसानं करायचं ते साधं आहे: मातीत रचलेल्या दगडी भिंतींना लाकडाचे किंवा काँक्रीटचे आडवे पट्टे बांधायचे, छपराचं ओझं हलकं ठेवायचं, माळ्यावर जड वस्तू चढवायच्या नाहीत. 1967च्या पहाटे झोपलेल्या माणसांना मारलं ते भिंतींनी आणि छपरांनी.

महापुराच्या दिवसांत सांगलीकर आयर्विन पुलापाशी जाऊन पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढलं ते पाहून येतो. त्या खुणेनं पूर अडत नाही, पण रात्री सामान वरच्या मजल्यावर न्यायचं की नाही, ते ठरतं. भूकंपशास्त्रज्ञांना तशीच एक खूण ग्रॅनाइटच्या पोटात सहा किलोमीटर खाली हवी आहे. आज गोठण्यात ती अर्ध्या वाटेवर पोचली आहे.